अनंताचे झाले येन

आयुष्याची बत्तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून खडूची धूळ गिळण्यात घालविल्यावर, जे आपण जन्मभर तोंडाने सांगितले ते एकदा शाईने उमटलेले पाहावे अशी जी दुर्बुद्धी बहुतेक अध्यापकांना सेवानिवृत्तीच्या सुमारास होते, तिला मीही बळी पडलो, आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी कलनशास्त्राचे एक पुस्तक मराठीत लिहून ते अप्पा बळवंत चौकाच्या आसमंतातील एका प्रकाशकांच्या स्वाधीन केले. पुस्तक लिहिण्यास मला दीड वर्ष लागले. त्यातील समीकरणे कागदावर समीकरणांसारखी दिसू लागण्यास त्यानंतर दोन वर्षे लागली. पुढील मजकूर ही त्या दोन वर्षांची कैफियत आहे; तिला फिर्याद म्हणता येत नाही, कारण फिर्यादीला प्रतिवादी लागतो, आणि या प्रकरणात जो तो आपापल्या ठिकाणी निर्दोष होता अशी माझी पूर्ण चौकशीअंती खात्री झाली आहे.

मुद्रितांचा पहिला गठ्ठा घरी आला त्या दिवशी मी चष्मा दोनदा पुसला, तांबडे पेन उघडले आणि सीमेच्या व्याख्येचे पान काढले. या शास्त्रात ज्याने दोन पावले टाकली आहेत त्याला ठाऊक आहे की, ही व्याख्या म्हणजे आमचे संध्यावंदन होय: प्रत्येक धन एप्सिलॉनसाठी असा एक धन डेल्टा अस्तित्वात असतो की, इत्यादी. 'प्रत्येकासाठी' याची खूण म्हणजे पालथा घातलेला इंग्रजी 'ए', आणि 'अस्तित्वात असतो' याची खूण म्हणजे रुसून पाठ फिरवून बसलेला 'ई'. माझ्या मुद्रितात पालथ्या 'ए'च्या जागी एक अवतरणचिन्ह निराधार लोंबकळत होते आणि पाठमोऱ्या 'ई'च्या जागी अमेरिकेचा डॉलर उभा होता. डॉलर असेल तरच अस्तित्व, हे तत्त्व अर्थशास्त्राच्या एखाद्या पुस्तकात शोभून दिसले असते. कलनशास्त्रात त्याला आधार नाही. पुढल्या ओळीत 'लहान किंवा तितकेच' या चिन्हाच्या जागी ब्रिटिश पौंड आला होता, आणि त्याखाली, जेथे 'जेव्हा एन हा अनंताकडे जातो' असे मी लिहिले होते, तेथे अनंताचे चिन्ह लोपून जपानी चलनाची खूण अवतरली होती, म्हणजे एन हा येनकडे जात होता. मी गणिताचे पुस्तक दिले होते. परत आली होती ती सराफाची पेढी.

पुढची पाने चाळता चाळता मला या नव्या लिपीची थोडीफार ओळख होत गेली. बेरजेचे भव्य चिन्ह, ज्याच्या डोक्यावर आणि पायाशी मर्यादा लिहिण्याची वहिवाट आहे, त्याच्या जागी पाणवठ्यावर निघालेल्या बाईसारखी डोक्यावर चुंबळ घेतलेली एक बारकी 'ए' उभी होती. वर्गमूळाच्या छत्राखाली ज्या संख्या सुखाने नांदत होत्या त्यांचे छत्र उडून जाऊन शेजारी दोन टिंबांचा जर्मन 'ओ' बसला होता. 'म्हणून' या अर्थी आपण शाळेपासून जी तीन टिंबे देत आलो ती नाहीशी होऊन प्रत्येक ठिकाणी एक डावीकडे कललेली रेघ आली होती. तिच्यामुळे युक्लिडाच्या काळापासून ताठ उभा राहिलेला आमचा युक्तिवाद पायरीपायरीने भिंतीला टेकत चालला आहे असा भास होई.

दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठा बगलेत मारून मी अक्षरजुळणीच्या कार्यालयात दाखल झालो. नारायण पेठेतील एका वाड्याच्या तळमजल्यावर, पेशवाईत जेथे घोडी बांधीत असावीत अशा एका लांबोळक्या खोलीत ते थाटलेले होते. ज्या बाईंनी माझे हस्तलिखित टंकित केले होते त्यांनी सर्व प्रकरण शांतपणे ऐकून घेतले आणि ज्या वाक्याशी माझा पुढील दोन वर्षांचा ऋणानुबंध जुळायचा होता ते वाक्य प्रथमच उच्चारले.

"सर, माझ्याकडे तर दिसतंय."

"अहो ताई, पण कागदावर दिसत नाही ना."

"कागद आतल्या मशिनवरून निघतो, सर. तुम्ही इकडे या, बघा ना."

मी पाहिले. खरोखरच त्यांच्या पडद्यावर अनंत आपल्या जागी, आठाचा आकडा दुपारी वामकुक्षीला आडवा व्हावा तसा निवांत पहुडला होता. पालथा 'ए' पालथाच होता, वर्गमूळाचे छत्र शाबूत होते. वेदान्ती लोक दोरीवर भासणाऱ्या सर्पाचा दृष्टान्त देतात त्यात निदान एवढी सोय असते की, दिवा आणला म्हणजे सर्प जातो आणि दोरी राहते. येथे दोन्ही खोल्यांत दिवे लागलेले होते आणि एका खोलीत दोरी व दुसरीत सर्प अशी स्थिती होती.

आतल्या खोलीत पाने लावणारा तरुण एका कानात गाण्याची गोळी घालून बसला होता. त्याच्या पडद्यावर माझ्या प्रत्येक समीकरणामागे फिकट गुलाबी रंगाचा पट्टा ओढलेला मला दिसला. पानजुळणीच्या त्या प्रणालीत गुलाबी पट्ट्याचा अर्थ असा की, 'या मजकुराचा फाँट या यंत्रात हजर नाही, मी तात्पुरती दुसऱ्याची तजवीज केली आहे'. यंत्राने बिचाऱ्याने इतकी प्रांजळ सूचना रुजू केली होती. मी त्या तरुणाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "ते होय? मला वाटलं, सरांनीच महत्त्वाचं म्हणून रंगवलंय." बत्तीस वर्षे विद्यार्थ्यांनी महत्त्वाचे म्हणून काय काय रंगविले आहे ते मी पाहिलेले असल्यामुळे त्याला बोल लावण्याची माझी प्राज्ञा नव्हती.

या सगळ्याचे मूळ काय ते मला पुढे हळूहळू उमगले आणि ते इतके साधे निघाले की, वर्गात सांगायला मिळाले असते तर बरे झाले असते. संगणक अक्षर जाणत नाही; तो फक्त क्रमांक जाणतो, आणि त्या क्रमांकाला कोणता आकार द्यायचा हे फाँट ठरवितो. समजा, गावात दोन चाळी आहेत. पहिल्या चाळीत, म्हणजे नेहमीच्या इंग्रजी फाँटात, १६३ क्रमांकाच्या खोलीत पौंड राहतो आणि १६५ क्रमांकाच्या खोलीत येन. दुसऱ्या चाळीत, म्हणजे ज्यात केवळ गणिती व ग्रीक चिन्हांचे बिऱ्हाड आहे अशा एका जुन्या फाँटात, त्याच १६३ मध्ये 'लहान किंवा तितकेच' आणि १६५ मध्ये साक्षात अनंत वास करतो. ३६ क्रमांकाला इकडे डॉलर, तिकडे 'अस्तित्वात असतो'. आता पत्रावर खोलीचा क्रमांक स्वच्छ लिहिलेला आहे, चाळीचे नावही आहे. पण ती चाळच ज्या गावात नाही, तेथील पोस्टमनने काय करावे? परत पाठविण्याची त्याला मुखत्यारी नाही. तो ते पत्र दुसऱ्या चाळीतील त्याच क्रमांकाच्या बिऱ्हाडी टाकतो आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात सायकलवर टांग टाकून निघून जातो.

येथवर ठीक होते, कारण येन आणि पौंड हे उघडउघड परकीय होत. गणिताच्या पुस्तकात ते शिरले की चौकीदार झोपेतूनही जागा होईल. खरे भय त्यांचे नव्हे. वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी जे गुणोत्तर, त्याला 'पाय' हे ग्रीक अक्षर विल्यम जोन्स नावाच्या वेल्समधील एका गणितज्ञाने १७०६ साली दिले, आणि पुढे ऑयलरसारख्या महापुरुषाने ते उचलल्यामुळे सर्वत्र रूढ झाले. या 'पाय'चा क्रमांक ११२. पहिल्या चाळीतील ११२ मध्ये कोण राहतो? साधा, सालस, इंग्रजी 'पी'. त्याचप्रमाणे 'थीटा'च्या खोलीत 'क्यू', 'अल्फा'च्या खोलीत 'ए'. हे सारे समीकरणांत एरवीही ऊठबस असलेले प्रतिष्ठित गृहस्थ! वर्तुळाचे क्षेत्रफळ पी गुणिले त्रिज्येचा वर्ग असे छापले गेले तर मुद्रितशोधकाच्या मनात शंका येण्याचे कारण काय? माझ्या पुस्तकात एकूण किती 'पाय' लंगडे पडले याची गणती मी प्रथम ठेवीत होतो. पुढे प्रकृतीच्या कारणास्तव ती सोडून दिली.

त्यात आपली मराठी. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या काळात आपल्याकडे जे मराठी फाँट घडविले गेले त्यांनी इंग्रजी अक्षरांच्याच खोल्या रिकाम्या करवून तेथे आपले काने, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरांचे अर्धे तुकडे बसविले. दुसरी जागाच उपलब्ध नव्हती. या व्यवस्थेत मराठी परिच्छेदाच्या मध्यभागी एखादे इंग्रजी समीकरण असले आणि कोणी घाईच्या भरात तो अख्खा परिच्छेद निवडून त्यावर मराठी फाँटाचा हुकूम सोडला की, समीकरणाचे तत्क्षणी धर्मांतर होई. माझ्या सातव्या प्रकरणात असे घडले. तेथे एका संकलनाच्या जागी एक वेलांटी, मग कोणाच्याही डोक्यावर नसलेला एक रफार, दोन अर्धी व्यंजने आणि एक चंद्रबिंदू अशी जी ओळ उमटली होती ती वाचताना, गणित हे मानवी वाणीच्या पलीकडचे शास्त्र आहे हे मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो त्याचा मला प्रथमच प्रत्यय आला.

युनिकोड आल्यावर हे सर्व संपेल असे मला एका जाणत्या माजी विद्यार्थ्याने सांगितले होते. त्या योजनेत प्रत्येक चिन्हाला कायमचे स्वतंत्र घर. अनंताला ८७३४ हा क्रमांक तहहयात बहाल झालेला, तेथे येनने पाऊल टाकायचे नाही. हे खरे आहे. पण घराचा क्रमांक मिळाला म्हणून घर बांधले जातेच असे नाही, हे ज्यांनी नगरपालिकेच्या हद्दीत भूखंड घेतला आहे त्यांना सांगावयास नको. मराठीच्या देखण्या फाँटात अनंताची आकृती कोणी कोरलेलीच नसली, तर त्या क्रमांकावर एक रिकामा चौकोन तेवढा दिसतो. या चौकोनांना फाँटांच्या व्यवसायातील लोक 'टोफू' म्हणतात, कारण ते सोयाबीनच्या पांढऱ्या वड्यांसारखे दिसतात. 'नोटो' या नावाचे जे प्रचंड फाँटकुटुंब आहे त्याचे नावच मुळी 'आता टोफू नको' या प्रतिज्ञेवरून पडले. मला स्वतःला टोफू पत्करतो. तो निदान 'येथे काही नाही' असे सरळ सांगतो.

हा सरळपणा शिशाच्या काळात होता. माझ्या विद्यार्थिदशेत आमच्या महाविद्यालयाचे नियतकालिक ज्या छापखान्यात निघे तेथे मी मुद्रिते आणण्यास जात असे, आणि खिळे जुळविणारे एक वृद्ध गृहस्थ मला खिळे ठेवण्याच्या केससमोर उभे करून आपले कष्ट समजावून देत. एखादा खिळा संपला, किंवा तो छापखान्यात मुळीच नसला, की ते त्याच रुंदीचा दुसरा कोणता तरी खिळा उलटा, डोके खाली आणि पाय वर करून बसवीत. मुद्रितात तेथे दोन काळे ठसे उमटत. म्हणजे येथे अमुक हवे होते, ते नाही, आणावयाचे आहे, असा कबुलीजबाब. तो ठसा पाहून कोणाची फसगत होत नसे. उणीव ही उणीव म्हणूनच दिसे. दुसऱ्याचा अंगरखा चढवून ती सभेत येऊन बसत नसे. विलायतेतील छापखान्यांत गणिताच्या मजकुराला 'पेनल्टी कॉपी', म्हणजे दंडाचा मजकूर, म्हणत आणि तो जुळविण्याचा दर चढा असे. आमच्या वृद्ध गृहस्थांना चढा दर मिळत होता किंवा कसे ते मला माहीत नाही. अपूर्णांकावर घातांक आणि त्या घातांकावर पुन्हा अपूर्णांक आला की ते तपकिरीची डबी काढीत आणि माझ्याकडे पाहत, ती नजर मात्र आठवते.

आणि त्याही मागे गेले तर आमच्या भास्कराचार्यांना हा ताप अजिबात नव्हता असे प्रथमदर्शनी वाटते. ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त सारे गणित श्लोकबद्ध आहे, आणि श्लोकाला फाँट लागत नाही, घसा लागतो. शून्याने भागून येणाऱ्या राशीला त्यांनी 'खहर' असे नाव दिले. ते उच्चारले की ज्याच्या त्याच्या कानात 'खहर'च ऐकू येते, येन ऐकू येत नाही. चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे; तोही पाषाणात, म्हणजे सर्व यंत्रांवर सारखाच दिसणारा. तथापि त्यांच्या बीजगणितात अव्यक्त राशींना 'यावत्तावत्', 'कालक', 'नीलक' या नावांची 'या', 'का', 'नी' अशी आद्याक्षरे असून, ऋण संख्या दाखविण्यासाठी तिच्या डोक्यावर एक टिंब देण्याचा प्रघात आहे. ते एक टिंब एखाद्या लेखकूच्या बोरूतून निसटले की ऋणाचे धन झाले! तेव्हा पोथी नकलणाऱ्यांनी किती जणांना परस्पर कर्जमुक्त करून टाकले असेल याचा हिशेब चित्रगुप्ताकडेच असावयाचा.

बिघडलेल्या मुद्रितांच्या याच त्राग्यातून एका थोर माणसाने काय केले ते मला माझ्या त्या माजी विद्यार्थ्याने सांगितले, आणि मी ते उत्साहाच्या भरात घरी सांगण्याची चूक केली. डोनाल्ड क्नूथ हे अमेरिकेतील संगणकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या ग्रंथाच्या एका खंडाची दुसरी आवृत्ती निघावयाची होती, आणि १९७७ साली जुळणीच्या नव्या तंत्राने तयार झालेली तिची मुद्रिते त्यांच्या हाती आली तेव्हा ती त्यांना इतकी कुरूप वाटली की, हातातले लेखन बाजूस ठेवून गणिती मजकूर सुबक जुळविणारी एक संपूर्ण प्रणालीच स्वतः निर्माण करावी असे त्यांनी ठरविले. काम लवकर आटोपेल अशी त्यांची अटकळ होती. लागली दहा वर्षांहून अधिक. 'टेक' हे त्या प्रणालीचे नाव. तिच्या आवृत्तीचा क्रमांक प्रत्येक दुरुस्तीबरोबर 'पाय'च्या किमतीकडे एकेक दशांशस्थळ पुढे सरकतो, आणि आपल्या पश्चात तो साक्षात 'पाय' करून प्रणालीत पुन्हा हात घालू नये अशी त्यांची इच्छा आहे. आपल्या ग्रंथांत चूक दाखवून देणाऱ्यास त्यांनी दोन डॉलर छप्पन सेंटांचा धनादेश देऊ केला, आणि अनेकांनी तो न वटविता चौकटीत लावून भिंतीवर टांगला. हे सर्व ऐकून घेतल्यावर आमच्या घरातून एवढाच प्रश्न आला की, त्या प्रोफेसरांचे वय तेव्हा किती होते. एकोणचाळीस, असे मी सांगितले. तो विषय तेथेच संपला.

मग उपाय राहिला तो पेठेतलाच. प्रकाशक दर पंधरवड्यास दूरध्वनी करून "प्रोफेसरसाहेब, येन केन प्रकारेण पुस्तक जूनपूर्वी बाजारात आलं पाहिजे" असे सांगत, आणि त्यातील 'येन' शब्दाने माझ्या जिवाचे पाणी होई. प्रथम तो हरवलेला चिन्हांचा फाँट आतल्या यंत्रात बसविण्यात आला. गुलाबी पट्टे गेले आणि निम्मी समीकरणे सावध झाली. उरलेल्या निम्म्यांची चाळीचीच नावे मधल्या काळात कोणीतरी बदललेली होती, म्हणजे ती पौंड म्हणूनच रीतसर नोंदली गेली होती, आणि त्यांना एकेक करून स्वगृही पाठविणे भाग होते. मोठी समीकरणे तर सरळ चित्रे करून चिकटविण्यात आली. चित्रात फाँटाचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु ओळीच्या मध्ये चिकटविलेले चित्र शेजारच्या शब्दांच्या पातळीत राहीलच असा नियम नाही, त्यामुळे दोन पानांवर माझी समीकरणे झोपाळ्यावर बसल्यासारखी खालीवर झालेली दिसत. बाई रोज संध्याकाळी ती हाताने खाली ओढीत. छापखान्यात पाठवावयाच्या अंतिम प्रतीत सगळे फाँट शिदोरीसारखे आतच बांधून द्यावयाचे असतात, हे ज्ञान आम्हां सर्वांना सर्वांत शेवटी झाले. ते आधी झाले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

शेवटच्या आठवड्यात बाईंना एक युक्ती सुचली. पुस्तकात पौंडाचे काय काम? तेव्हा प्रणालीला एकच हुकूम द्यावा की, जेथे जेथे १६३ क्रमांकाचा पौंड आढळेल तेथे तेथे त्याला चिन्हांच्या फाँटात नेऊन 'लहान किंवा तितकेच' करावे. येनचा अनंत असाच केला. दोन्ही हुकूम मिळून दहा सेकंदांत बजावले गेले आणि जे काम मी चार महिने भिंगातून पाहत करीत होतो ते पुरे झाले. बाईंनी विचारले, "आता दिसतंय ना, सर?" दिसत होते, दोन्ही खोल्यांत दिसत होते, कागदावरही दिसत होते. पुस्तक जूनमध्ये नव्हे, पण ऑगस्टमध्ये बाहेर पडले.

पहिली प्रत हातात आल्यावर मी सवयीने मधेच कोठेतरी उघडली. दुसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस, विद्यार्थ्यांना थोडा विरंगुळा म्हणून, न्यूटनविषयी मी एक चौकट दिली होती. हा कलनशास्त्राचा एक जनक पुढे इंग्लंडच्या टांकसाळीचा प्रमुख झाला आणि तरीही १७२० सालच्या साऊथ सी कंपनीच्या सट्ट्यात त्याने आपले वीस हजार पौंड घालविले असे म्हणतात, ही ती गोष्ट. रक्कम मी आकड्यांत, पौंडाची खूण देऊन लिहिली होती. सबंध पुस्तकात खराखुरा पौंड असा तो एकच होता. आता तेथे छापले होते की, न्यूटनचे नुकसान वीस हजारांहून लहान किंवा तितकेच होते.

मी तांबडे पेन काढले. मग असे मनात आले की, तो आकडा ऐकीव आहे, आणि मी तो ज्या खात्रीने लिहिला होता तिला माझ्याकडे काही दस्तऐवज नव्हता. दुसऱ्या आवृत्तीच्या शुद्धिपत्रात मी इतर एकतीस चुका नोंदविल्या आहेत. ही नोंदविलेली नाही.